शेऱ्यांचा रकाना

काका,

आपण पान एकेचाळीसवर थांबलो होतो. तुम्ही गेलात त्याला आज सतरा दिवस झाले आणि माझ्या लॅपटॉपवर ते पान उघडं आहे. डाव्या कडेला ओल लागल्याचा डाग, मधे नॉर्वेजियन अक्षरांच्या तिरप्या ओळी, आणि खालच्या बाजूला तुम्ही माउसने काढलेलं लाल वर्तुळ. ते वर्तुळासारखं कमी आणि सोललेल्या बटाट्यासारखं जास्त दिसतं. अवाढव्य टँकर धक्क्याला अलगद लावणाऱ्या माणसाला माउस मात्र शेवटपर्यंत वश झाला नाही, असं काकू म्हणायच्या आणि तुम्ही चष्म्यावरून त्यांच्याकडे बघायचात.

इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुमच्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं. देवगड, बोटीवरची वर्षं, रॉटरडॅमच्या बंदरातली नोकरी, मुलगा, नातवंडं, सगळं आलं त्यात. मला ते पुन्हा लिहायचं नाही. मला आपल्या भांडणाबद्दल लिहायचं आहे. ते अर्धवट राहिलं, आणि ते माझ्यामुळे राहिलं.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती कामासाठीच, हे कबूल करते. एनस्खेडेच्या विद्यापीठात माझं पीएच.डी.चं दुसरं वर्ष चालू होतं. विषय, अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रावरचा बर्फ: तो पूर्वी कुठपर्यंत पसरायचा, आणि आता कुठपर्यंत. उपग्रहांची चित्रं काही दशकांपुरतीच मिळतात. त्याच्या आधीचं जाणून घ्यायचं तर त्या समुद्रात गेलेल्या बोटींनी काय लिहून ठेवलं ते वाचावं लागतं. आणि तिकडे सर्वांत जास्त गेल्या त्या नॉर्वेच्या देवमासे मारणाऱ्या बोटी. नॉर्वेतल्या एका लहानशा बंदरगावातल्या संग्रहालयाने मला अशा बोटींच्या लॉगबुकांची स्कॅन केलेली पानं पाठवली होती. छापील अहवाल मी भाषांतराच्या सॉफ्टवेअरमधून कसेबसे काढत होते. हातानं लिहिलेल्या लॉगबुकांपुढे मात्र सॉफ्टवेअरने हात टेकले. तेव्हा डीमनला राहणारी माझी एक मैत्रीण म्हणाली की रॉटरडॅमला एक पेडणेकर काका आहेत, जन्मभर नॉर्वेच्या कंपनीच्या बोटींवर होते, ते नॉर्वेजियनमध्ये वाचतात, बोलतात आणि शिव्याही देतात.

तुमच्या घरी मी सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते. मोठ्या माणसांच्या घरी गेलं की मी अजून तशीच बसते. काकूंनी पोहे दिले. तुम्ही खिडकीतून मास नदीवरून जाणारी एक बोट पुरती दिसेनाशी होईपर्यंत पाहिलीत आणि मग मला विचारलंत, समुद्रावरचा बर्फ पाहिलास का कधी. मी म्हटलं, नाही, फक्त उपग्रहाच्या चित्रांत.

"मीही नाही पाहिला," तुम्ही म्हणालात. "एवढी वर्षं समुद्रावर काढली, पण तेवढं खाली कधी गेलो नाही. मग आपलं जमेल."

नॉर्वेजियन तुम्ही कशी शिकलात ते त्या दिवशी कळलं. तुमचा कॅप्टन देवमासे मारणाऱ्यांच्या घराण्यातला. त्याच्या केबिनमध्ये दक्षिणेकडच्या मोहिमांच्या अहवालांचं एक कपाट होतं: प्रवाह, पाण्याचं तापमान, प्लवक, पक्षी, बर्फ, एकेका विषयाचा करड्या पुठ्ठ्याचा एकेक भाग. आखातातून आफ्रिकेला वळसा घालून युरोपला येईपर्यंत आठवडेच्या आठवडे जायचे. तुम्ही ते भाग शब्दकोश घेऊन वाचायचात आणि कॅप्टन नाश्त्याला तुमची तोंडी परीक्षा घ्यायचा. चुकलात तर अंडं मिळायचं नाही, असं तुम्ही सांगितलंत. काकूंनी स्वयंपाकघरातून सांगितलं की हे खोटं आहे.

माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. पुस्तकांचं कपाट मी पहिल्यांदा पाहिलं ते उमरग्याच्या शाळेत, आणि त्याला कुलूप असायचं. म्हणून तुमचा तो कॅप्टन मला फार आवडला. आणि तो समोर नव्हता म्हणून तुम्ही आवडलात.

मग साथ आली. विद्यापीठ बंद झालं, गरज असेल तरच ट्रेनने फिरा असं सरकार सांगू लागलं, आणि आपलं काम फोनवर आलं. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी दहा. तुम्ही फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायचात, त्यामुळे मला तुमची हनुवटी आणि छताचा दिवा एवढंच दिसायचं. इस्त्रीचा शर्ट घालून बसायचात. बाहेर जायचं नसलं तरी वॉचवर, पाळीवर असताना, माणूस नीट कपड्यांत असतो, असं तुमचं म्हणणं. मी इकडे एका खोलीत, पायजम्यावर स्वेटर घालून. त्या वर्षात मला माणूस म्हणून नियमाने भेटणारे फक्त तुम्ही होतात. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आठवड्याला दोन दिवस केस विंचरायला कारण होतं, एवढं सांगितलं तरी पुरे.

कामाची पद्धत ठरून गेली. तुम्ही ओळ आधी नॉर्वेजियनमध्ये मोठ्याने वाचायचात, मग मराठीत सांगायचात, आणि मी तक्त्यात भरायची: तारीख, बोटीची जागा, वारा, तापमान, बर्फ आहे की नाही. लॉगबुकात शेवटी एक अरुंद रकाना असायचा, इतर शेऱ्यांचा. तुम्ही तोही वाचायला लागायचात. पंप बिघडला. बटाटे संपत आले. अमक्याला घरचं पत्र मिळालं, तो आज कोणाशी बोलला नाही. मी सुरुवातीला ऐकून घ्यायची, मग घड्याळ बघायला लागायची, आणि एके दिवशी म्हटलं की काका, शेरे सोडून द्या, मला फक्त बर्फ हवाय.

तुम्ही सोडले नाहीत. फक्त मोठ्याने वाचणं बंद केलंत. ओळ संपली की तुमचे ओठ थोडा वेळ हलत राहायचे, आणि मी पुढच्या ओळीची वाट बघत थांबायची.

या लोकांबद्दल आपले वाद व्हायचे, ते मला अजून आठवतात. मी म्हणायची, केवढा लहानसा देश आणि जिथे माणूस राहत नाही अशा जागेवर केवढं शास्त्र लिहून ठेवलंय. तुम्ही म्हणायचात, शास्त्र नंतर. आधी देवमासे मारले, मग पुढच्या वर्षी जास्त कुठे मिळतील ते कळावं म्हणून लिहून ठेवलं, मग मारायला फार उरले नाहीत तेव्हा त्याला ज्ञान म्हणायला लागले. मी म्हणायची, हेतू कसाही असो, नोंद खरी आहे ना. तुम्ही म्हणायचात, नोंद खरी असते असं तुला कोणी सांगितलं. मला वाटायचं, तुम्ही नुसते वाद घालायला वाद घालता. निवृत्त माणसांना वेळ असतो, असंही मनात आलं होतं. आज ते लिहिताना बरं वाटत नाही.

माझ्या वडिलांची गोष्ट तुम्हाला मीच सांगितली होती. पहिल्या लॉकडाऊनमधली एखादी सकाळ असेल, काम लवकर संपलं होतं आणि फोन ठेवावासा वाटत नव्हता. माझे वडील तहसील कचेरीत शिपाई होते. आवारातल्या पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी साडेआठला काचेच्या मोजपात्रात ओतायचं, किती भरलं ते बघायचं आणि रजिस्टरमध्ये लिहून सही करायची, हे त्यांचं काम. पावसाळ्यात ते ताप असला तरी जायचे. एका वर्षी मात्र त्यांना उठताच येईना, तेव्हा तीन दिवस मी गेले. बारा वर्षांची होते. तिसऱ्या दिवशी पाणी ओतताना थोडं सांडलं, आणि मी अंदाजाने आकडा लिहिला. कोणाला सांगितलं नाही. तुम्ही फार हसलात. म्हणालात, बर्फाचा अभ्यास तेव्हाच सुरू झाला म्हणायचा.

आणि मग मला ती उडी सापडली.

तुम्ही वाचलेल्या एका बोटीच्या हंगामाच्या सगळ्या नोंदी मी नकाशावर मांडल्या, तेव्हा दिसलं की सुरुवातीचे अनेक आठवडे बर्फाची कड पार उत्तरेला आहे, आणि मग दहाएक दिवसांत ती एकदम दक्षिणेकडे मागे सरकली आहे. इतक्या थोड्या दिवसांत इतकी माघार, आणि ती त्या काळात, कोणी लिहिलेली नव्हती. मी तो आलेख पुन्हा पुन्हा काढला. माझ्या मार्गदर्शक बाई डच आहेत, कौतुक करायची त्यांना घाई नसते. त्यांनीही आलेख पाहून खुर्ची पुढे ओढली. या एका आलेखावर प्रबंधाचं प्रकरण उभं राहील असं त्या म्हणाल्या. परिषदेला सारांश पाठवला, तो स्वीकारला गेला. मी उमरग्याला फोन करून आईला सांगितलं की मला काहीतरी नवीन सापडलंय. आईला बर्फ म्हणजे गाड्यावरचा गोळा तेवढा माहीत, पण ती शेजारी सांगून आली.

तुम्हाला शुक्रवारी सांगितलं. तुम्ही विचारलंत की उडी कोणत्या तारखेला आहे. मी सांगितली. तुम्ही म्हणालात, मंगळवारपर्यंत थांब.

मंगळवारी तुम्ही बसलात तेच हनुवटी वर करून. म्हणालात की बर्फ नाही हलला. माणूस बदलला.

मला कळेना. तुम्ही सावकाश सांगितलंत. लॉगबुक लिहिणारा चीफ मेट, कॅप्टनच्या खालोखालचा अधिकारी, सुरुवातीला एक आहे आणि त्या तारखेनंतर दुसरा. पहिला माणूस आकाश बघून लिहितो, दुसरा पाणी बघून. दूरवर क्षितिजापलीकडे बर्फ असला की त्याची पांढरी चमक ढगांच्या पोटावर पडते. अनुभवी माणसाला ती फार लांबून दिसते, आणि पहिला मेट ती दिसली की 'बर्फ' असं लिहून टाकतो. दुसरा नवखा आहे किंवा सावध आहे, तो बर्फ बोटीच्या बाजूला आल्याशिवाय लिहीत नाही. बर्फ आहे तिथेच आहे.

मी म्हटलं, पानावर तर वर एकच नाव आहे, शेवटपर्यंत. अक्षर थोडं वेगळं दिसतं, पण थंडीने बोटं आखडली असतील.

तुम्ही म्हणालात की सगळी पानं सुरुवातीलाच आखून वर नाव घालून ठेवायची पद्धत असते, तुम्हीही चीफ मेट असताना तेच करायचात. नावावर जाऊ नको. शेरे वाच.

मला तेव्हा काय दिसत होतं ते सांगते. मला शेरे दिसत नव्हते. मला मार्गदर्शक बाईंची पुढे ओढलेली खुर्ची दिसत होती, फेलोशिपचे उरलेले महिने दिसत होते, त्या फेलोशिपवर टिकलेला इथला राहण्याचा परवाना दिसत होता. आई शेजारी सांगून आली होती. मी म्हटलं की काका, हे तुमचं तर्कट आहे. बोटीवरचा अधिकारी आपल्या सहीखाली दुसऱ्याला लिहू देईल कशाला. तो जबाबदार माणूस आहे.

तेव्हा तुम्ही शांतपणे विचारलंत, "तू बारा वर्षांची असताना जो आकडा लिहिलास, त्याच्याखाली सही कोणाची होती?"

मी म्हटलं, "माझ्या वडिलांना यात आणू नका."

"आणतोय कुठे? विचारतोय."

"तुम्ही त्यांना खोटं ठरवताय."

मग तुमचा आवाज चढला आणि तुम्ही मालवणीवर गेलात. "तुका काय कळता?" एवढंच मला ऐकू आलं, कारण पुढच्या क्षणी मी फोन बंद केला होता.

दुसऱ्या दिवशी तुमची ईमेल आली. मजकूर काही नव्हता, फक्त पान एकेचाळीस जोडलेलं. मी ती उघडली नाही. शुक्रवारी दहा वाजता मी लॅपटॉप मिटून सायकल घेऊन बाहेर पडले आणि कालव्याच्या कडेने उगीच लांबपर्यंत गेले. पुढच्या मंगळवारीही तेच. तुमचाही फोन आला नाही. मला वाटलं, मोठ्या माणसाने आधी करावा. तुम्हाला काय वाटलं असेल ते आता कळायला मार्ग नाही.

तिसऱ्या आठवड्यात काकूंचा निरोप आला की तुम्हाला ताप होता, हाउसआर्ट्स डॉक्टरांनी घरीच राहा म्हटलं, मग श्वासाला त्रास झाला आणि हॉस्पिटलात नेलं. भेटायला कोणाला जाता येत नाही. लस घेण्यासाठी बोलावणारं पत्र तुम्ही रोज पोस्टाच्या डब्यात बघायचात, ते यायच्या आत हे झालं. मी काकूंना रोज निरोप पाठवत राहिले. तुम्हाला वेगळा निरोप पाठवला नाही. बरे होऊन घरी आलात की समोरासमोर बोलू, असं ठरवलं होतं. वाक्यंही जुळवून ठेवली होती. त्यांत माझी चूक थोडी आणि तुमची जास्त होती.

तुमचा अंत्यविधी मी स्क्रीनवर पाहिला. मोजक्याच माणसांना आत परवानगी होती. सगळे एकमेकांपासून दूर ठेवलेल्या खुर्च्यांवर. काकूंच्या शेजारी कोणी बसू शकत नव्हतं हे मला सर्वांत कठीण गेलं. तुमच्या मुलाने मराठीत सुरुवात केली आणि मधेच डचमध्ये गेला, आणि मला वाटलं की तुम्ही हे ऐकून त्याला पुन्हा पहिल्यापासून बोलायला लावलं असतं.

त्यानंतर चौथ्या दिवशी मी ती ईमेल उघडली.

लाल वर्तुळाच्या आत शेऱ्याच्या रकान्यातल्या दोन ओळी होत्या. मला आता तुमच्याबरोबर राहून जेवढी नॉर्वेजियन येते तेवढ्यात त्या वाचता आल्या. मेट केबिनमध्ये पडून आहे. सूप पाठवलं. मी मागची पानं काढली, आणि शब्दकोश घेऊन पहिल्या पानापासून फक्त शेरे वाचायला बसले. आधीच्या आठवड्यांत त्याच रकान्यात अनेकदा लिहिलं होतं: दक्षिणेला आकाश पांढरं. ज्या ज्या दिवशी हे लिहिलं होतं, त्या त्या दिवशी माझ्या तक्त्यात 'बर्फ' होता. पान एकेचाळीसपासून ते वाक्य एकदाही नाही. मेटची तब्येत तशीच. मेटला आज थोडं उठवून बसवलं. मग चार दिवसांनी: झेंडा अर्ध्यावर. दुपारी प्रार्थना, मग पुन्हा काम. आणि प्रत्येक पानावर वर त्याचंच नाव, त्यानेच हंगामाच्या सुरुवातीला ठसठशीत अक्षरात लिहून ठेवलेलं.

मी ज्याला बर्फाची माघार म्हणत होते, तो एका माणसाचा मृत्यू होता. तो माझ्या तक्त्यात मावला नाही, कारण त्याच्यासाठी मी रकानाच ठेवला नव्हता. आणि तुम्ही मला ते दाखवत होतात, शर्टाला इस्त्री करून, साखरेच्या डब्यापुढे बसून.

त्या रविवारी मी वडिलांना फोन केला. ते आता निवृत्त आहेत, दिवसभर ओट्यावर बसून पेपर वाचतात. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी त्यांना त्या तापाच्या पावसाळ्याबद्दल विचारलं. म्हटलं, आप्पा, ते तीन आकडे मी लिहिले आणि सही तुम्ही केलीत, ते तुम्हाला कधी चुकीचं वाटलं नाही का.

"अगं, लिहिलं होतं की मी," आप्पा म्हणाले. "शेऱ्यात. ताप असल्याने तीन दिवस मोजमाप मुलीने केले, असं. साहेब लई चिडले. म्हणले, कशाला लिहितो असलं, वरून कोणी बघितलं तर. मी म्हणलं, साहेब, ज्यानं मोजलं त्याचं नाव नको का?"

मी मग पाणी सांडल्याचंही सांगून टाकलं. पंधरा वर्षांनी सांगतीस व्हय, एवढंच आप्पा म्हणाले, आणि मला ते रागावले की हसले ते कळलं नाही.

काका, मी ज्यांची बाजू घेऊन तुमच्यावर ओरडले, त्यांना माझ्या बचावाची गरजच नव्हती. तुम्ही आणि आप्पा एकमेकांना कधी भेटला नाहीत. भेटला असतात तर तुमचं पाच मिनिटांत एकमत झालं असतं आणि मग दोघांनी मिळून मला झापलं असतं. मला ते पाहायला फार आवडलं असतं.

मार्गदर्शक बाईंना मी सगळं सांगितलं. तेव्हा त्यांच्या खुर्चीकडे मी पाहिलं नाही. त्यांनी पान एकेचाळीसच्या आधीची आणि नंतरची पानं स्वतः पाहिली, शेऱ्यांची भाषांतरं पाहिली, आणि म्हणाल्या की प्रकरण यामुळे दुबळं झालं. मग म्हणाल्या की दुबळं झालं, पण आता ते खरं आहे. परिषदेचा सारांश मागे घ्यायचं ठरलं. बाकीच्या बोटींच्या लॉगबुकांत असे किती मेट बदलले असतील असं त्यांनी विचारलं, आणि मी म्हटलं की मला माहीत नाही, सगळे शेरे पहिल्यापासून वाचावे लागतील. किती महिने, असं त्यांनी विचारलं. मुदतवाढ मिळेलच असं नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. शेवटी, हे शोधलं कोणी, असं त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, एका चीफ मेटने.

आलेख मी पुन्हा काढला. आता ती रेघ मधे तुटलेली आहे. डाव्या तुकड्यावर पहिल्या मेटचं नाव आहे. उजव्यावर लिहिलंय: दुसरा निरीक्षक, नाव उपलब्ध नाही. त्याने ते कुठेच लिहिलं नाही. कदाचित मेलेल्या माणसाचं नाव खोडायला त्याचा हात धजला नसेल. तुम्ही असतात तर यावरही काहीतरी बोलला असतात, आणि मला पुन्हा वाद घालायला मिळाला असता.

परवा काकूंचा फोन आला. त्यांच्या घरी आता मुलगा आलाय, जेवण होतंय, झोप मात्र येत नाही म्हणाल्या. तुमचे शर्ट कोणाला द्यायचे, फोनचं बिल कोणाच्या नावावर करायचं, गेमेंटेत, त्या नगरपालिकेत, कागदांवर किती सह्या कराव्या लागतात, असं बराच वेळ बोलल्या. मग एकदम थांबून त्यांनी विचारलं, "तुमचं मिटलं होतं ना गं शेवटी? हे मला काही नीट सांगत नव्हते."

हो म्हणणं अगदी सोपं होतं. तपासायला कोणी नव्हतं. त्यांना बरं वाटलं असतं आणि मलाही, आणि काही वर्षांनी मलाच ते खरं वाटायला लागलं असतं.

"नाही काकू," मी म्हटलं. "राहून गेलं. मी फोनच केला नाही."

मला वाटलं, आता ठेवतील. पण त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. दर मंगळवारी, शुक्रवारी दहा वाजता ते फोन साखरेच्या डब्याला लावून बसायचे. मी म्हटलं, तुम्हीच लावा की. तर म्हणाले, नको, तिला आधी वाचू दे." आणि थोड्या वेळाने, "काय सांगायचं राहिलं होतं तुझं? मला सांग."

मी त्यांना सगळं सांगितलं. ढगांवरची चमक, आजारी मेट, सूप, आखून ठेवलेली पानं, माझा मोडलेला आलेख. काकूंना त्यातलं किती कळलं माहीत नाही. त्या मधेमधे हं म्हणत होत्या. सांगून संपलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

"म्हणजे हे बरोबर होते?"

"हो काकू."

"मग मीच सांगते त्यांना, तसबिरीपुढे," काकू म्हणाल्या. "पण तुम्ही बरोबर होतात असं या घरात त्यांना कधी कोणी म्हटलेलं नाही. विश्वास नाही बसायचा त्यांचा. तूही सांग."

म्हणून हे लिहिलं, काका. तुम्ही बरोबर होतात. मी वाचलं.